सोळा मिलिमीटर

सोमवार, ३ एप्रिल

तलाव गळतोय म्हणे! मॅनेजरांनी आज सगळ्यांसमोर जाहीर केलं – रोज पाणी खाली जातं, मिस्त्रीने फरशा नीट बसवल्या नाहीत, पुढच्या बुधवारी सगळ्या उखडायच्या. मिस्त्री म्हणजे माझे बाबा. मी त्याच तलावात पोरींना पोहायला शिकवते, हे साहेब बहुतेक विसरले.

घरी येऊन बाबांना सांगितलं. "माझं काम गळत नाही," एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. चाळीस वर्षं टाक्या आणि तलाव बांधले, आजवर कोणी बोट दाखवलं नव्हतं. मला भयंकर राग आलाय. पण खरंच गळत असेल तर?

मंगळवार, ४ एप्रिल

बाबांनीच युक्ती सांगितली. तलावाच्या पायरीवर बादली ठेवायची, अर्धी बुडेल अशी, आणि तलावाचंच पाणी तिच्यात भरायचं. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच पितं. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला, तर जेवढा जास्त तेवढी गळती. किती सोपं! मला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

बुधवार, ५ एप्रिल

बादली सहा मिलिमीटर, तलाव बावीस. फरक सोळा. पट्टी पुसून पुन्हा मोजलं, तेवढाच.

तरी हिशेब केल्याशिवाय राहवेना. लांबी पंचवीस मीटर, रुंदी दहा – म्हणजे एक मिलिमीटर पाणी अडीचशे लिटर! पट्टीवरची एवढीशी रेघ, आणि त्यात अडीचशे लिटर. सोळा रेघांचे चार हजार. एवढं पाणी रोज मुरत असेल तर भोवती चिखल नको का? सगळ्या बाजूंनी फिरून आले. पायाने उकरून पाहिलं. माती कोरडी ठणठणीत.

गुरुवार, ६ एप्रिल

बाबा म्हणाले, सकाळ-संध्याकाळ वेगळं मोज. मोजलं. दिवसभरात बादली पाच, तलावही पाच!

शुक्रवार, ७ एप्रिल

रात्रीत बादली एक, तलाव सतरा. म्हणजे सोळाच्या सोळा रात्रीच जातात. अंधार पडल्यावर उघडणारं भोक कधी कोणी पाहिलंय?

नवऱ्याला सांगितलं. तो टँकरवर असतो, रात्रपाळीला बांधकामांवर पाणी पोचवतो, त्याला पाण्यातलं कळतं. "आता त्या बादलीशीच संसार कर," म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

सोमवार, १० एप्रिल

काल मला आणि नवऱ्याला, दोघांनाही सुट्टी होती. दिवसभर मजेत गेला, तरी संध्याकाळी मी पट्टी घेऊन तलावावर जाऊन आलेच. आज सकाळी पुन्हा पाहिलं – रात्रीत फरक शून्य! भोकालाही साप्ताहिक सुट्टी?

बाबांना सांगितलं तर हसले. आठवड्यात पहिल्यांदा. "भोक सुट्टी घेत नाही गं. कोणीतरी नेतंय पाणी." मग स्वतःहून जेवायला वाढ म्हणाले. मला इतकं बरं वाटलं!

पण नेतंय कोण? मागच्या फाटकाला कुलूप असतं. किल्ली एकच, ती आमच्या घरी खिळ्याला. आज रात्री मी तिथेच बसणार, तासातासाला मोजणार. मॅनेजरांना कळवलं नाही, वॉचमनला तर नाहीच. बाबा काळजी करत बसतील, म्हणून त्यांनाही नाही. फक्त नवऱ्याला सांगितलं, सकाळी आलास तर घरात शोधू नकोस म्हणून.

मंगळवार, ११ एप्रिल

बादली एक, तलाव एक.

मी बसणार आहे, हे एकालाच माहीत होतं.

उद्या सकाळी फरशा उखडायच्या आत मॅनेजरांना कागद द्यायचाय. बाबांचं नाव त्यातून सुटेल. ज्याचं अडकेल, तो आत अंघोळ करतोय.