वाढत्या अंगाची सायकल

ॲन आर्बर, मिशिगन
१५ मार्च, रविवार

तीर्थरूप शरयूआत्येस,

शिवांगीचा साष्टांग नमस्कार (कागदावरचाच, कारण ज्या शेडमध्ये बसून लिहिते आहे, तिथल्या जमिनीवर लोखंडाचा कीस पसरला आहे). मी ठीक आहे. तुझं मनगट कसं आहे? प्लास्टर काढून सात महिने झाले, म्हणजे हाड जुळलेलंच असणार. पण बाबा म्हणतात, तू आता भाजीसुद्धा फोनवरून मागवतेस. एकतीस वर्षं मिरजेत साडी नेसून सायकलवरून गणित शिकवायला गेलेली बाई एकदा खडीवर घसरली, म्हणून तिच्या भावाने सायकल परस्पर भंगारवाल्याला दिली, आणि बाई म्हणाली, “बरं झालं, जागा मोकळी झाली.” यावर माझं मत कुणी विचारलेलं नाही, म्हणून मी ते देत नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू दीड मिनिटात “ठेवते हं, तुझं बिल वाढेल” म्हणतेस. (व्हॉट्सॲपला बिल येत नाही, हे मी चार वेळा सांगितलं आहे.)

तर बातमी अशी, की मी सायकल बनवली. सुटे भाग जोडून नाही; पोलादी नळ्या कापून, घासून, पितळेने सांधून तिचा सांगाडाच बनवला. गावाबाहेर डेल नावाचे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ आहेत, ही शेड त्यांचीच; ते चाळीस वर्षं माणसाच्या मापाच्या सायकली बनवतात आणि एका वेळी एकाच माणसाला शिकवतात. मी दोन आठवडे सुट्टी टाकली. माझ्या घरमालकीण वसुधाकाकू (नागपूरच्या, निवृत्त डॉक्टर, तुझ्याएवढ्याच उंच) म्हणाल्या, “काय गं, एमएस करून शेवटी वेल्डिंगच?” मी म्हटलं, “वेल्डिंग नाही काकू, ब्रेझिंग. यात नळी वितळत नाही, फक्त पितळ वितळतं.” “तेच ते,” काकू म्हणाल्या. “जेवायला किती वाजता येणार?”

पहिल्या दिवशी नळ्या तापवायची गॅसची टॉर्च फटकन आवाज करून विझली आणि मी बाकाखाली गेले. (सुरक्षेच्या नियमांत हे बसतं.) दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातलं तापमापक नेलं, कारण डेल नळीचं तापमान रंगावरून ओळखतात आणि मला ते अशास्त्रीय वाटलं. मी यंत्राचा आकडा स्थिर व्हायची वाट पाहत राहिले आणि तेवढ्यात नळीला पावलीएवढं भोक पडलं. डेल यांनी ती नळी भिंतीवर खिळ्याला टांगली. तिथे आधीच अकरा जणांच्या नळ्या आहेत. माझं भोक सर्वांत गोल आहे. त्यानंतर यंत्र पिशवीत गेलं. डेल “आत्ता” म्हणायचे आणि खरोखरच पितळ पाण्यासारखं सांध्यात शिरायचं. पाचव्या दिवशी ते “आत्ता” म्हणायच्या आत मी पितळेची सळई टेकवली आणि ते शिरलं. आत्या, मी सहसा असं लिहीत नाही, पण मी तेव्हा मोठ्याने हसले. एकटीच. डेल चहा करायला निघून गेले, बहुधा मला हसता यावं म्हणून. नंतर चार दिवस नुसती कानस. बोटांना साल राहिली नाही आणि मी घरी शीळ घालत यायचे, अशी काकूंची तक्रार आहे.

घोटाळा मापात झाला. डेल यांनी मला भिंतीशी उभं करून पाय मोजला: बहात्तर सेंटिमीटर. मग माझं ड्रॉइंग पाहिलं. ते ऐंशीच्या पायाचं होतं. “हे पाय कुणाचे?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की आमच्याकडे गणवेश, चपला, सायकल, सगळं वाढत्या अंगाचं घेतात. मला पहिली सायकल मिळाली तेव्हा दोन वर्षं पाय टेकत नव्हते. ती सवय हातात राहिली असणार. त्यांनी माझं वय विचारलं. अठ्ठावीस. “अजून वाढायची आशा आहे?” “प्रयत्न चालू आहेत,” मी म्हटलं. त्यांना कानस खाली ठेवावी लागली.

इतरही चुका झाल्या. वरची नळी आडवी हवी, ती तिरकी खाली उतरली, इतकी की साडी नेसूनही सहज चढता यावं (साडी आपली उदाहरणादाखल). मागच्या चाकाशी दोन बारीक कड्या लागल्या आहेत, जिथे एखादी जाळी बांधता येईल. डेल यांना मी सांगितलं, पितळ उरलं होतं. हँडलखाली एक हूक आहे. त्यात कापडी पिशवीचे बंद बरोबर बसतात. योगायोग. शेवटी डेल यांनी विचारलं, “जिची आहे, ती उंच आहे का?” मी म्हटलं, आवश्यक ती सर्व माहिती ड्रॉइंगमध्ये आहे.

काल चाकं, ब्रेक लावले. मला चालवता येईना, म्हणून वसुधाकाकूंना म्हटलं, गल्लीत एक फेरी मारून बघा. त्या बर्फाच्या कडेकडेने घंटी वाजवत गेल्या आणि पंचवीस मिनिटं परत आल्या नाहीत. आल्या त्या गाल लाल करून. “ही कुणाची गं?” मी म्हटलं, ठरायचं आहे.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. प्रकृतीस जप. भाजी स्वतः आण.

तुझी, बहुतेक बाबतींत आज्ञाधारक भाची,
शिवांगी

ता. क. माझी उंची अठराव्या वर्षापासून वाढलेली नाही. आणि मोटारींच्या भागांतली केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक पकडणं, हीच माझी नोकरी आहे. आठ सेंटिमीटरची चूक करणं मला जमणार नाही.

आणखी एक. शाळेच्या फाटकात सायकल धरून उभी आहेस, तो तुझा फोटो माझ्याकडे आहे. चाकाचा व्यास माहीत होता, त्यावरून बाकीचं काढलं. साडीमुळे दीड सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. तेव्हा भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहा, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वर घट्ट दाबून धर आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप कळव. शिंप्याला बोलावू नकोस, तो लूज धरेल.

सायकल कुरिअरने येणार नाही. म्हणजे येते, पण मी पाठवणार नाही. इथे मे महिन्यात रस्ते कोरडे होतात आणि नदीकाठी सपाट वाट आहे, खडी नाही (मी चालून पाहिली). तुझा पासपोर्ट कपाटात एलआयसीच्या कागदांखाली आहे. व्हिसाचा फॉर्म भरून ठेवला आहे. ‘प्रवासाचं कारण’ तेवढं रिकामं आहे. ‘मापाला बसते का पाहणे’ असं लिहू का?

घाई कर. वसुधाकाकूंनी आज बास्केट विकत आणली.