नलूताई, तुमची मंजुरी बाकी आहे

प्रिय नलूताई,

तुम्ही गेलात त्याला कित्येक महिने झाले, आणि आज दुपारी कॉम्प्युटरने मला पुन्हा सांगितलं, 'नलिनी यांच्या मंजुरीची प्रतीक्षा.' आता काय म्हणावं! कुणाशी तरी भांडायचं होतं, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

तुम्हीच अडकवलंय मला, ताई. परळचं आपलं एवढंसं संग्रहालय. गिरणीतले धोटे, कामगारांचे बिल्ले, डबे, भजनी मंडळांचे टाळ. कुणीतरी चुकून कॉम्प्युटरवरच्या टाळांच्या नोंदी पुसल्या, आणि तुम्ही असा काही नियम लावून घेतलात की विचारू नका. कोणाला काय बघता येईल, काय बदलता येईल, हे ठरवायला दोघींची मंजुरी हवी. एक तुमची, एक माझी. बाकीच्यांनी नुसतं बघायचं.

आता नोंदींना हात लावू शकणारी उरले मी एकटी. फोटो काढणारी गौरी सारखी दारात. "सायलीताई, फोटो चढवायचाय, तेवढं उघडून दे ना." गौरीला हक्क द्यावेत, तर तुमची मंजुरी बाकी. नियमच काढावा, तर त्यालाही तुमची मंजुरी! सॉफ्टवेअरवाले म्हणतात, करार संपलाय, नवा झाला की बघू.

तिकडे कुडाळला आई डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलत बसलीय. "तुका रजा गावली की करूया गो," म्हणते. हल्ली माझा फोन नंबरसुद्धा शेजारणीकडून लावून घेते. कशी जाऊ मी?

काल आपले संचालक सर म्हणाले, "अगं, तिचा पासवर्ड माहितेय ना तुला? तिच्या नावाने दाब आणि मोकळी हो."

माहीत कोणाला नाही! दोन बोटांनी टाइप करताना तुम्ही एकेक अक्षर मोठ्याने म्हणायच्यात. नियम एवढे कडक, आणि पासवर्ड पार चहावाल्यापर्यंत पोचलेला!

पण मग नोंद काय राहील? की तुम्ही आज मंजुरी दिलीत. साध्या डब्याच्या चिठ्ठीवरही तुम्ही अंदाजाने साल टाकू दिलं नाहीत कधी. "ठावक नाय, तर ठावक नाय असा लिव गो." ते आठवतं आणि माझा हात मागे येतो.

खरंच राग येतो तुमचा. तिसऱ्या कोणाचं नाव घातलं असतंत तर काय बिघडलं असतं? दुखणं अंगावर काढलंत, रजा घेतली नाहीत, आणि तीच खुर्ची मला देऊन गेलात. आणि जेवायच्या सुट्टीत जवळ्याची चटणी पुढे करणारं कोणी नाही, म्हणून रडूही येतं.

उद्या सकाळी मी ते बटण दाबणार आहे, ताई. मंजुरीखाली शेऱ्याची चौकट असते ना, तुम्ही कधी रिकामी सोडू दिली नाहीत ती? तिथे लिहीन, 'नलूताई हयात नाहीत. त्यांच्या नावाने बटण मी, सायलीने दाबलं.' सरांना आवडो न आवडो, ते तसंच राहील. मग गौरीला हक्क देईन, आणखी एकादोघांनाही देईन, तुमचं खातं बंद करेन आणि कुडाळची गाडी पकडेन. माझ्यावाचून कोणाचं अडेल असा नियम मी कधीही करणार नाही, हा शब्द तुम्हाला.

आणि शेवटचा तो पासवर्ड टाइप करताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणेन. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

तुमचीच,
सायली