मुक्ता जाऊबाईंकडं झोपते

मंगळवार, पौष. दिवेलागण.

पडेगावात आमच्या घरासमोर इमारतींची कामं निघाली, त्यात हा दुष्काळ. धूळ खाली बसतच नाय. थंडी पडली की माझ्या शिंका सुरू. डॉक्टर म्हणाले, "धुळीची ॲलर्जी आहे. केर काढू नका, फरशी ओल्या फडक्यानं पुसा, पांघरुणं गरम पाण्यात धुवा." नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. पांघरुणं कशानं धुवायची?

माझ्या शिंकांनी झोपमोड होते म्हणून माझी चार वर्षांची मुक्ता महिनाभरापासून थोरल्या जाऊबाईंकडं झोपते. त्यांना साधी सर्दी होत नाय. आज सकाळी मुक्ताला जवळ घेतलं, तर म्हणाली, "नको, तू लई शिंकती. मला मोठ्याईकडं जायचंय." जाऊबाई हसल्या. त्यांच्या त्या हसण्याचा, त्या कोरड्या नाकाचासुद्धा मला राग आला. असं वाटावं का? पण वाटलं.

आत्ता त्या माझी गोधडी घेऊन आल्या. टँकरचं त्यांच्या वाट्याचं पाणी तापवून सकाळीच धुतली, दिवसभर उन्हात वाळवली. म्हणाल्या, "आज पोरीला तुझ्यापाशी झोपव."

मी गोधडी घेतली. मनात एकच आलं, चांगुलपणातही ह्यांनीच माझ्यापुढं जावं?