लाल अकोला, हिरवी अमरावती

माय, सगळ्यात आधी अकोल्याची सून आली, लहान्याची बायको. पुण्याचे सॉफ्टवेअरवाले पोट्टे जेवणाच्या येळेवर येणार होते, अन् ही पहाटच्या गाडीनं दारात हजर, तेही एकटी. चपला काढल्या, पण खांद्यावरची पिशवी काही खाली ठेवेना. म्हटलं, "लहाना कुठं हाय?" तर म्हणे, "ते येत नाहीत आई. म्हणतात, ज्या घरात माया नोकरायसमोर मले जाब इचारतात, त्या घरचा चहा नको." म्हटलं, "मंग तू पे. चहानं कोणाचं काय केलं." तिनं घेतला, अन् मंग आणखी मागून घेतला.

तुले पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू म्हणशील पोरगी अर्ध्यातूनच सुरू होते. तुया फुलाच्या टोपलीचं आता दुकान झालं हाय, दुकानाचे दोन झाले. अमरावतीचं मोठा पाहाते, अकोल्याचं लहाना. हार, गजरे, लग्नाच्या मांडवाचे फुलं, सगळं. कागदावर दुकानाची कंपनी झाली अन् तुया जावयाच्या मागं मालकीण म्हणून सही माई. दुसरीपर्यंतच्या शाळेत जेवढं लिहा-वाचाले शिकली, तेवढंच कामी येऊन राहिलं. फुलं पहाटे इथंच अमरावतीच्या बाजारातून घेते मोठा, अन् अकोल्याचे गाडीत घालून धाडते. आता मोठ्याची पोरगी पुण्याहून शिकून आली अन् म्हणे, "आजी, आपण सगळा धंदा अंदाजानं करतोय." म्हटलं, अंदाजानंच तुया बापाचं लग्न केलं, काय बिघडलं. पण तिनं ऐकलं नाही. सॉफ्टवेअर आणलंच.

ते काय हाय सांगू का. किती फुलं घेतले, किती इकले, किती फेकले, दोन्ही दुकानाचं सगळं फोनमध्ये भराचं, अन् ते त्याचे चित्र काढून देते. हिरवं म्हणजे बरं, लाल म्हणजे बोंब. इथपर्यंत मलेही समजते, अन् खरं सांगतो, मले पाहाले लय मजा वाटते. पण चित्राखाली ज्याले त्याले लिहाची सोय हाय. याले म्हणे सगळ्याइनं मिळून काम करणं. अवं, मोठा बाजूच्या खोलीत बसून मले लिहिते, "आई, पाहिलं का?" मी इकडून ओरडतो, "काय पाहू?" तो तिकडून ओरडते, "फोनवर पाय." मंग तोंड कायले देलं देवानं?

लग्नसराई सुरू झाली तशी अमरावती हिरवीगार अन् अकोला लाल. रोज लाल. एक दिवस मोठ्यानं खाली लिहिलं, "अकोल्याने खुलासा करावा." ते अकोल्याच्या दुकानात हार ओवणाऱ्या बायाइनंही वाचलं, मॅनेजरनंही वाचलं. लहान्यानं उत्तर टाकलं, "वेगळं व्हायचं असेल तर सरळ सांगा." तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नाहीत. लहान्यानं वेगळ्या नावाचा बोर्ड रंगवाले टाकला, हे मले सुनेनं त्याच चहावर सांगितलं. अन् आणखी म्हणे, "आई, ते रात्रंदिवस एकच म्हणतात, मले धंदाच जमत नाही." ते ऐकून मी कप खाली ठेवला.

मले तुया बाजारातली जागा आठवली. मी तुयाजवळ गोणपाटावर बसली हाय. समोर दोन टोपल्या, एक आपल्या वावरातल्या झेंडूची, एक काकाच्या. आपले फुलं मुठीएवढे, काकाचे बारके. तू दोन्ही टोपल्या एकाच फडक्यावर उलट्या करते अन् हातानं कालवते. सांजच्याला काकू इचारते, "आमचे किती गेले?" अन् तू म्हणते, "गिऱ्हाइकानं इचारलं नाही बाई, मी कावून इचारू?" पैसे अर्धे-अर्धे. मी एकदा मोठे फुलं निवडून बाजूले काढत होती, तर तू माया हातावर फटका देला. "ढीग फोडू नोको." त्या एका ढिगावर तू दोन चुली आयुष्यभर एका आंगणात ठेवल्या. म्हणून सकाळपासून मी ठरवूनच होती, पोट्टे आले की सांगाचं, बाबू, ते दोन रंग एक करून द्या अन् आपला चहा पिऊन जा.

ते आले, एक पोरगी अन् एक पोरगा, गोड लेकरं. टीव्हीवर सगळं मोठं करून लावलं. मोठा खुर्चीत ताठ बसला अन् म्हणे, "पहिले अकोल्याचं काढा." पुण्याच्या पोरीनं लालवर बोट ठेवलं तर त्याच्या आतून आणखी चित्र निघालं, त्याच्या आतून आणखी. मंग ती मोठ्याले म्हणे, "सर, अकोल्यात गिऱ्हाईक कमी नाहीये. फुलं पोचतात तेव्हाच त्यांनी माना टाकलेल्या असतात. इथले हार पूर्ण झाल्याशिवाय गाडी सुटतच नाही, आणि चांगली फुलं आधी इथंच निवडून घेतली जातात." वाटेतल्या मूर्तिजापूरच्या उन्हातून दुपारी जाणारा गुलाब, माय. त्याचा काय गुलाब राहाते.

सून मोठ्यापुढे, आपल्या भासऱ्यापुढे, पदर घेऊन बसली होती. तिनं पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

मोठा आपल्या पोरीले म्हणे, "हे चित्र काढून टाक."

"बाबा, अकोला लाल होतं तेव्हा नाही म्हणालात काढ."

"लय शहाणी झाली तू."

"तुमच्याच पैशानं झाले."

पुण्याचा पोरगा बिचारा मधात पडला. म्हणे, "काढता येतं सर. कोणाला काय दिसावं ते ठरवता येतं. पण तो अधिकार आजींच्या लॉगिनला आहे." झालं. सगळ्याइचे डोळे मायावर. मले इतका राग आला. भाकरी तव्यावर, वांग्याचा रस्सा उतू चालला, अन् यायले माया अधिकार आताच आठवला.

अन् तिथं, त्या टीव्हीपुढे, या वयात माया डोक्यात उजेड पडला. काकाचे फुलं बारके कावून होते? विहीर एक होती अन् पहिली पाळी आपली. आपलं वावर भिजून झालं की मंग त्याच्याकडे पाणी जाये, तेही उरलं तर. तू ढीग कालवला म्हणून भांडण झालं नाही, खरं हाय. पण म्हणूनच कोणी कधी इचारलंही नाही. काका मरेपर्यंत म्हणत होता, "माया जमिनीत दमच नाही." दम होता माय. पाणी उशिरा जात होतं. तुले हे माहीत होतं का, हे मले तुले इचाराचं हाय, अन् तू नाहीस, याचाच मले लय संताप येऊन राहिला.

म्हटलं, "राहू दे. लहान्याले दिसू दे. हार ओवणाऱ्या बायाइलेही दिसू दे. जिथं त्याले जाब इचारला, तिथंच हे लागलं पाहिजे."

मोठा उठून गेला. मंग भरल्या वांग्याचा वास गेला तिकडे, तर आला, मान खाली घालून जेवला, भाजी दोनदा घेतली. आता हा रुसला. एकाची समजूत काढावी तर दुसरा फुगते, मी काय जन्मभर याच कामाले ठेवली हाय का? पुण्याच्या पोरानं ठेचा मागून घेतला अन् डोळे पुसत राहिला.

हा कागद तुले कुठं धाडू. लिहिता लिहिता बोटं दुखले, माया डब्यात ठेवून देतो. पण एक सांगून टाकतो, दुसऱ्या कोणाले सांगणार नाही. सगळे मायाकडे पाहात होते ना, तेव्हा माया ओठावर आधी 'काढून टाका' हेच आलं होतं. मोठा मायाजवळ राहाते, सकाळचा चहा तोच आणून देते.

गाडी पहिले अकोल्याले सोडली तर चित्र कसं होते, ते दाखवाले पुण्याचे पोट्टे गुरुवारी येतो म्हणाले. सून जाताना लहान्याचं म्हणे, आई, त्याच दिवशी यायलेही घेऊन येतो. गुरुवारी.