चुन्याखालची अक्षरं

लोणावळा, २ एप्रिल २०२५

चि. प्रतीक्षास,
आत्याचा प्रभूच्या नावात सलाम व आशीर्वाद. वि. वि. हे फोनवर बोलता येत नाही, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहिते आहे. हसू नकोस.

टीव्हीवर तो कार्यक्रम लागल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीत दोन तट पडलेत. यरुशलेमजवळ हाडांची दगडी पेटी सापडली, तिच्यावर योसेफाचा मुलगा येशू असं कोरलंय, म्हणून ती आपल्या प्रभूचीच, असं कार्यक्रमवाले म्हणतात. तरुण म्हणतात, ऐकून तर घ्या. म्हातारे निषेधाचं पत्र लिहायला बसलेत. शेजारच्या प्रमोदिनीताई म्हणाल्या, आमचे देव बरे बाई, कुणी खणत नाही. मी हसले, पण तेव्हापासून एकच विचार मनात आहे. हाडं तिथं असतील तर प्रभू कबरेतून उठला कसा?

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात पुनरुत्थानाचा पाठ मीच वाचते. यंदा पाळकसाहेबांना नाही म्हणावं, असं वाटतंय. काल स्वप्नात तुझे आजोबा घाटातल्या रुळांवरून चालले होते. किती हाका मारल्या, वळलेच नाहीत.

तू दगडांवरची अक्षरं वाचायला शिकलीस. ते खोटं आहे, एवढं लिहून दे.

मायेची भुकेली,
अनिताआत्या

बेडसे, ८ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सप्रेम सलाम. लेण्यांचं काम ठीक चाललंय.

आत्या, ते खोटं आहे असं मला लिहिता येत नाही. खरं आहे असंही नाही. त्या काळी तिकडे ती नावं घरोघरी होती. नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं होत नाही, एवढंच मी सांगू शकते. मी ज्यांच्याकडे राहते त्या नंदाबाईंना तुझं पत्र सांगितलं. त्या म्हणाल्या, देव काय पेटीत मावतो व्हय, त्या बयेला म्हनावं लय इचार करू नगं.

आणखी एक सांगायचंय. रविवारी तुला न कळवता लोणावळ्यात येऊन गेले. आजोबांच्या कबरेच्या दगडावरची बुजलेली अक्षरं रंगवून तुला चकित करायचं होतं. तू दरवर्षी देतेस तो चुना खरवडला आणि आरशाने तिरपं ऊन पाडलं. नाव भिकाजीच निघालं, पण साल १९५१. आजोबा तर १९६८ साली गेले. तिथून तिसरा दगड घाणेरीच्या झुडपात दडलाय. त्यावर भिकाजी, गँगमन, १९६८ असं आहे.

लपवावं असं वाटलं होतं. पण तू मला दगडाचंच विचारलं होतंस.

रागावलीस तरी माझीच राहा.
प्रतीक्षा

लोणावळा, २१ एप्रिल २०२५

चि. प्रतीक्षास,
सलाम व आशीर्वाद. दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. जन्मभर परक्या माणसापाशी रडले, आणि माझाच चुना त्या सालावर चढत गेला! आईला वाचता येत नव्हतं. तिने बोट दाखवलं, मी मानलं.

मग एका दुपारी तांदूळ निवडताना वाटलं, मॅट्रिक पास झाले ते, लग्न ठरलं ते, सगळं मी त्या दगडापाशी सांगितलं. ते बाबांना पोचलं नाही असं कधी वाटलंच नाही. आजही वाटत नाही. मग एका पेटीने माझी प्रार्थना कशी अडावी?

काल ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात गेले. धुकं इतकं की माणसं दिसेनात, नुसत्या मेणबत्त्या चालत येत होत्या. घाट चढणाऱ्या गाडीचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा. पाठ मीच वाचला. पाठातल्या त्या बायाही सुगंधी द्रव्यं घेऊन प्रभूच्या कबरेकडे पहाटेच निघाल्या होत्या, आणि जिवंताला मेलेल्यांत शोधत भलत्याच जागी आल्या होत्या. इतकी वर्षं वाचून मला ते काल कळलं.

तुझ्या आजोबांवरची घाणेरी काढली. दुसऱ्या भिकाजींना मात्र सोडवेना. पाळकसाहेबांनी जुनी नोंदवही पाहिली. त्यांचं कुणीच नाही. मग त्यांच्यापाशीही एक मेणबत्ती लावली आणि म्हटलं, इतकी वर्षं माझं ऐकून घेतलंत, आता तुमचं सांगा. उजाडेपर्यंत तिथंच बसले होते.

सवडीने ये. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
अनिताआत्या