हप्ते फिटेपर्यंत कुंकू नाही

आई,

तुला एक विचारायचं आहे, आणि ते विचारायला एकवीस-बावीस वर्षं उशीर झालाय हे मला कळतं. हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूला शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कुंकू लावायचं नाही, हा नियम तू आणलास कुठून? जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला कशाचंही मूळ सापडलं नाही की चैन पडत नाही. मी गृह्यसूत्रं चाळली, व्रतांच्या पोथ्या पाहिल्या, शेवटी लाज सोडून मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, ते तिच्या मनाचंच होतं. तिला कोण विचारणार?" म्हणजे सूत्रकार तूच, भाष्यकारही तूच, आणि आम्ही घरातले सगळे कायमचे परीक्षार्थी.

बाबांनी फॅक्टरीच्या सोसायटीतून कर्ज काढून स्कूटर आणली तो दिवस मला अजून दिसतो. गोरखपुरातलं आपलं भाड्याचं घर, अर्धी गल्ली गोळा झालेली, आणि बाबा इंजिन बंदच करत नाहीत, उरलेल्या अर्ध्या गल्लीलाही ऐकू जावं म्हणून. तू दारात उभी, रिकाम्या हातांनी. "कुंकू आण ना," बाबा म्हणतात. "काहून?" तू म्हणतेस, "अजून आपली कुठं झाली ती? फिटेपर्यंत पाहुणी आहे." बाबांना वाटतं, आता सापडली. "अगं, पाहुणीला तर सगळ्यात आधी कुंकू लावतात!" तू डोळ्याची पापणीही न हलवता म्हणतेस, "मग साडी पण नेसवा तिला." सगळे हसतात, बाबा हळू आवाजात म्हणतात, "लोक पाहून राहिले." "पाहू द्या." शेजारचे भैयाजी, बाबांच्याच फॅक्टरीतले, मध्ये पडतात, "अरे भाभीजी, मिठाई तो बनती है!" आणि तू म्हणतेस, "तीन साल बाद आना, भैया." तो गृहस्थ तीन वर्षांनी खरंच आला. तोवर स्कूटरला दोन्ही अंगांनी पोचे पडले होते. तू ती पुसलीस, पुढच्या मडगार्डवर कुंकवाचं स्वस्तिक काढलंस आणि त्याच्या हातावर पेढे ठेवलेस. "पुरानी गाड़ी की नई पूजा?" त्यानं विचारलं. "गाड़ी पुरानी है, मालकिन नई है," तू म्हणालीस. तुझं हिंदी तेव्हा फार चांगलं नव्हतं, पण लागायचं तिथं बरोबर लागायचं.

माझीही सुटका नव्हतीच. पहिली नोकरी लागल्यावर मी पुस्तकवाल्याकडून कोशाचे मोठाले खंड हप्त्यांवर घेतले. तू मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "वाच खुशाल. पण नाव नको टाकू अजून." मी तेव्हा नवा पंडित. तुला ऐकवलं, की माणूस जन्माला येतो तोच तीन ऋणं घेऊन, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं, तेव्हा कर्ज हा आपला स्वभावच आहे. तू मेथीची काडी मोडलीस. "मग ते तीन फेड ना आधी. हे चौथं काहून काढून राहिला?" तीस वर्षं मी वर्गात हा विषय शिकवला, आई. एवढा नेमका प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही.

आता हे सगळं उकरतोय याचं कारण तुझी नात. ती फिजिओथेरपिस्ट झाली, आणि परवा गोरखपूर बाजारात एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचं क्लिनिक उघडतंय. दोन खाटा, तीन यंत्रं, सगळं बँकेच्या कर्जातून. जामीनदार मी. काल आम्ही पडदे लावत होतो. मी सहज म्हटलं, की उद्घाटनाला उंबऱ्यावर स्वस्तिक तूच काढ. ती स्टुलावरूनच म्हणाली, "नको, बाबा. सात साल का लोन है. फिटल्यावर काढू." मी म्हटलं, अगं, तो आजीचा काळ वेगळा होता. ती खाली उतरली. तिचं मराठी आता निम्मं हिंदी आहे, पण ऐकणारा चुकू शकत नाही इतकं स्पष्ट बोलते. "तुम्ही तर एक रुपयाचं कर्ज न काढता घर घेतलं ना? आजीने खुद कुंकू लावलं होतं, करंडा मी पकडला होता. आणि मी? पहिलंच काम, तेही उधारीवर. मला तर कधीकधी वाटतं, कॅन्सलच करावं सगळं. बताओ बाबा, पूरा पैसा दिया था ना?"

मी पडद्याच्या कड्या मोजत होतो. "हो," म्हटलं.

आई, तो फ्लॅट वीस वर्षांच्या कर्जावर घेतला होता. तू आजारी होतीस, आणि मुलाचं स्वतःचं घर पाहायचं एवढंच तुझं मागणं होतं. तुझ्या नियमानं थांबायचं तर वीस वर्षं थांबायला हवं होतं, आणि डॉक्टरांनी तुला वर्षसुद्धा दिलं नव्हतं. दारापाशी तू अंगठ्यावर कुंकू घेतलंस आणि थांबलीस. "सगळे दिले ना रे?" मी म्हटलं, "हो." तू माझ्याकडे पाहिलंस, जरा जास्तच वेळ, आणि कुंकू लावलंस. तुला कळलं होतं का? तुझ्यासारखी बाई एका "हो"वर कधीपासून विश्वास ठेवायला लागली? की हा नियम मोडायचा अधिकारही सूत्रकारानं स्वतःकडे ठेवला होता? यातलं काहीही असो, मला खरंच जाणून घ्यायचंय. शेवटचा हप्ता दोन वर्षांपूर्वी गेला. त्या दिवशी मी पेढे आणले नाहीत, कारण कशाचे म्हणून सांगणार?

आता पोरगी माझ्या खोट्यावर स्वतःला मोजते आहे आणि लहान ठरते आहे. तिला फक्त एवढं सांगायचंय, की तुझा बापही वीस वर्षं कर्जात होता आणि रात्री नीट झोपत होता. एका वाक्याचं काम आहे. शेजारच्या खोलीत ती उद्घाटनाच्या पाहुण्यांची यादी करते आहे, दार उघडंच आहे. आणि मी गेला तासभर इथे बसून तुला लिहितो आहे, कारण तू उलटून काही विचारणार नाहीस.