पेरूचं तोडलेलं पाणी

तीर्थरूप बाबांना दुरूनच नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीला खिडकी आहे, शेजारीण जीव लावते. जॅमच्या कारखान्यात दिवसभर सरकत्या पट्ट्यावरचे किडके पेरू वेचते. मुकादमीण विचारते, "न कापता कसं गं कळतं तुला?" मी नुसती हसते. कुणी शिकवलं ते सांगत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तिने लिहिलंय, तुम्ही यंदाही बागेचं पाणी तोडलंय. म्हणजे आता पानं गळतील आणि मग बहर येईल. लाड केले की नुसता पाला माजतो, हे तुमचं बोलणं झाडांपेक्षा मीच जास्त ऐकलंय.

मी नोकरीसाठी घर सोडलं आणि तुम्ही अबोला धरलात. धरा. जेवण वेळेवर होतं, काळजी नसावी.

पण पानं गळाली, की तुम्हीच पहाटे उठून पाणी सोडता. उशीर झाला तर झाड वाळतं, म्हणता. मला इथे येऊन तीन वर्षं झाली, बाबा. इतके दिवस पाणी तोडून झाड कोण ठेवतं?

बागेला मात्र वेळेवर पाणी सोडा. तिने तुमचं काही वाकडं केलेलं नाही.

तुमचीच,
थोरली